पहिल्या बर्फाच्या वाटेवर : लाहौल

मनालीहून निघून रोहतांगच्या डोंगराखालचा अटल बोगदा ओलांडला की हिरवे देवदार मागे पडतात आणि उघडेबोडके डोंगर समोर उभे राहतात. हा हिमाचल प्रदेशातील लाहौल. सुमारे नऊ किलोमीटर लांबीचा हा बोगदा ३ ऑक्टोबर २०२० रोजी खुला झाला. त्यापूर्वी १३,०५० फूट उंचीची रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की येथील माणसे कित्येक महिने जगापासून तुटत.

केलाँग हे येथील मुख्य गाव. भागा नदीपलीकडे कारदांगचा बौद्ध मठ दिसतो. तथागतांचे नाव घेणारी माणसे भेटली, आम्हांला परकेपणा वाटला नाही. ऑक्टोबरात बटाटा, सफरचंद आणि जनावरांचा चारा घरात आणण्याची घाई असते. पहिला बर्फ कधी पडेल, हाच प्रश्न ज्याच्या त्याच्या तोंडी!

याचे उत्तर आकाशात आहे, पण ते दैवी नाही. भूमध्य समुद्राकडून इराण, अफगाणिस्तान ओलांडून ढगाळ वादळे येतात. हवामान खाते त्यांना 'पश्चिमी विक्षोभ' म्हणते. उपग्रहाच्या चित्रांत ती काही दिवस आधी दिसतात. मात्र ढग आले म्हणजे बर्फ पडेलच असे नाही. हजार मीटर चढले की हवा साधारण साडेसहा अंशांनी गार होते. शून्य अंशाची पातळी खाली उतरली तर गावात बर्फ पडतो. वर राहिली तर गावात पाऊस आणि खिंडीत बर्फ. दोन अंशांच्या फरकाने ही पातळी तीनशे मीटर हलते. म्हणून हंगामाच्या तोंडचा अंदाज सर्वांत अवघड.

२०१८ साली तर सप्टेंबरातच येथे जोराचा बर्फ पडला. शेकडो प्रवासी अडकले, वायुदलाच्या हेलिकॉप्टरांनी अनेकांना बाहेर काढले. शेतकऱ्यांच्या उभ्या पिकाचे नुकसान झाले.

आमचे लक्ष मात्र रस्त्यावर खडी टाकणाऱ्या मजुरांकडे गेले. यांतले पुष्कळ झारखंडहून आलेले. १९७२ च्या दुष्काळात आपल्याही आयाबापांनी खडी फोडली, म्हणून ते हात आम्हांला ओळखीचे वाटले. खाली कधी उतरणार, असे विचारले तर एक बाई म्हणाली, "मुकादम सांगेल तेव्हा." आकाश कळत असूनही निघण्याचा निर्णय तिच्या हाती नव्हता. उतरले की रोजही बुडतो.

कारणाशिवाय काही घडत नाही, हे बुद्धांनी शिकविले. बर्फ कोणाच्या कोपाने पडत नाही, तेव्हा त्यापासून माणूस वाचविता येतो. पण अंदाज कचेरीत राहून उपयोग नाही. तो मजुराच्या तंबूपर्यंत, त्याच्या बोलीत आणि वेळेवर पोचला पाहिजे.

बंधू-भगिनींनो, या बाजूला सहलीस जाल तर हवामान खात्याचा इशारा पाहूनच निघा. नारिंगी किंवा लाल असेल तर मुक्काम वाढवा. आणि वाटेत खडी टाकणारे भेटले, तर तो इशारा त्यांनाही सांगा.