उघाडीवरची पाखरं

नवरात्र उलटलं की खलाटीतला भात पिवळा पडू लागायचा आणि खाडीकडच्या मिठागरांत बांधबंदिस्तीची कामं सुरू व्हायची. पावसाने खचलेले बांध चिखल थापून पुन्हा उभे करायचे, उघाड्यांच्या, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या दारांच्या, फळ्या तपासायच्या आणि उधाणाचं पाणी आत घ्यायचं. पाणी आत आलं की दोन-चार दिवसांत तुतवार, चिखले, टिलवे हजर. उरण तालुक्यातल्या आमच्या जासईत दिवाळी जवळ आली हे आम्हा पोरांना आकाशकंदिलांच्या आधी त्या पाखरांवरून कळायचं.

माझ्या आजाला पाखरांची नावं फारशी ठाऊक नव्हती, पण त्यांचं वागणं पाठ होतं. बगळे ओळीने उभे दिसले की तिथे पाणी गुडघ्याखाली आहे आणि मासळी अडकली आहे हे तो ओळखायचा, आणि पाग घेऊन तिकडे वळायचा. टिटवी ओरडली की बांधावर कोण आलं हे पाहायला मान वर करायचा. शेकाट्यांच्या लांब गुलाबी पायांकडे बोट दाखवून किती पाणी चढलं ते सांगायचा. पुढे पुस्तकातून मी जे शिकलो, त्यातलं बरंचसं या माणसाने मला शाळेत जाण्याआधीच दाखवून ठेवलं होतं.

नावं शिकवली आमच्या सरांनी. सुट्टीच्या दिवशी पहाटे ते सात-आठ पोरांना घेऊन बांधावरून चालत निघायचे. दुर्बीण एकच, ती हातोहात फिरायची. आपली पाळी येईपर्यंत नुसत्या डोळ्यांनी पाहायचं आणि वहीत चोचीचं चित्र काढायचं, असा त्यांचा नियम. चोच सरळ की वाकडी, वर वळलेली की खाली, टोकाला चपटी की अणकुचीदार, एवढं नीट काढलं की नाव आपोआप सापडतं, असं ते म्हणत. उचाटाची वर वळलेली चोच, चमच्याची टोकाला पसरट झालेली, कुदळ्याची खाली वाकलेली. आजही पक्षी दिसला की माझी नजर आधी चोचीवर जाते.

बांधावर बसून भाकरी खाताना सर पक्षितज्ज्ञ सलीम अलींच्या गोष्टी सांगत. १९३० साली त्यांनी आपल्याच रायगड जिल्ह्यातल्या किहीमला राहून सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता. जिल्ह्याचं नाव तेव्हा कुलाबा होतं. जगभर नावाजलेल्या माणसाने अलिबागजवळ बसून घरटी मोजली, हे ऐकल्यावर आमच्या विहिरीवर लोंबणारी सुगरणीची घरटी आम्हाला एकाएकी फार मोलाची वाटू लागली. त्या वर्षी विहिरीवर कुणी दगड मारला नाही.

वर्षातून एकदा एसटीने पनवेल आणि तिथून कर्नाळा. १९६८ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य म्हणजे सगळ्या मुंबई-पनवेलच्या पक्षिनिरीक्षकांची पहिली शाळा. त्याच्या जडणघडणीत अरण्यलेखक मारुती चितमपल्लींचाही हात होता. तिथे हळद्या दिसायचा, तांबट टुकटुक करायचा, नशीब असलं तर लांब शेपटीचा स्वर्गीय नर्तक झाडीतून फितीसारखा लहरत जायचा. कर्नाळा सुंदर होतंच. पण परत आलो की खाडीच बरी वाटायची, कारण तिथलं आकाश मोकळं होतं आणि थवे हजारांचे.

खाडीने आम्हाला एक मोठी गोष्ट शिकवली. इथल्या पाखरांचं घड्याळ सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतं. ओहोटी लागली की ती खाडीच्या उघड्या चिखलात किडे-शिंपले टिपायला जातात. भरती आली की चिखल बुडतो, मग त्यांना आतल्या उथळ पाणथळीत टेकावं लागतं. छोटा टिलवा जेमतेम वीस-तीस ग्रॅम वजनाचा, उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून आलेला. त्याला या दोन्ही जागा लागतात. एकच ठेवून दुसरी काढून घेतली तर तो टिकत नाही.

मग आमच्या भागाचे दिवस पालटले. नवी मुंबईसाठी जमिनी गेल्या. जासईत जन्मलेल्या दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली शेतकरी रस्त्यावर उतरले आणि १९८४च्या जानेवारीत पाचजण हुतात्मे झाले. त्या लढ्यातून शेतकऱ्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचं तत्त्व पुढे आलं. गावातलं हुतात्मा स्मारक पाहताना आजही ऊर भरून येतो. पण सातबारावर ज्याचं नाव होतं त्याच्यासाठी लढता आलं. खाजणाचा सातबारा पाखरांच्या नावे नव्हता. १९८९ला न्हावा-शेवा बंदर सुरू झालं, कंटेनरचे रस्ते झाले, मिठागरं एकेक करून भरावाखाली गेली. २०२४च्या जानेवारीत चिर्ल्याला उतरणारा अटल सेतू खुला झाला. त्यावरून जाताना खाली ओहोटीच्या चिखलात रोहित पक्ष्यांची गुलाबी रांग दिसली की गाडीतली मुलं अजूनही ओरडतात, आणि मला बरं वाटतं.

उरण तालुक्यातल्या पाणज्याची पाणथळ ही त्या जुन्या जगाची उरलेली मोठी जागा. भरावापेक्षाही तिला धोका आहे तो पाणी अडवण्याचा. भरतीचं पाणी आत येणं थांबलं की पाणथळ महिन्या-दोन महिन्यांत कोरडी पडते, आणि मग ती कधी पाणथळ होती हेच कुणी मान्य करत नाही. या पाण्यासाठी स्थानिक मच्छीमार आणि पक्षिमित्र वर्षानुवर्षं अर्ज करत आले, न्यायाधिकरणापर्यंत गेले. दोघांची मागणी एकच होती, कारण जे पाणी पाखरांना लागतं त्याच पाण्यावर कोलंबी आणि चिंबोऱ्या वाढतात.

गावाने मनावर घेतलं तर काय होतं हे आपल्याच जिल्ह्याने दाखवलं आहे. म्हसळा तालुक्यातल्या चिरगावात गिधाडांसाठी गावकरी उभे राहिले. मेलेली गुरं त्यांच्यासाठी नेमल्या जागी ठेवली, घरट्यांची झाडं राखली. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफिनॅकमुळे देशभर गिधाडं मरत होती, २००६ साली त्यावर बंदी आली. कायद्याच्या जोडीला गावाची राखण होती म्हणून चिरगावच्या झाडांवर गिधाडांची घरटी राहिली.

सरांनी भरून घेतलेल्या आमच्या त्या वह्या कुठे गेल्या कुणास ठाऊक. त्या असत्या तर जासईच्या खाडीत तेव्हा काय होतं हे कागदावर दाखवता आलं असतं. नोंद नसलेलं पाखरू कचेरीत कुणी मोजत नाही. म्हणून आज जी मुलं मोबाइलवर नोंदी ठेवतात, दर जानेवारीत आशियाई पाणपक्षी गणनेला उतरतात, त्यांचं मला फार कौतुक आहे. १९८७पासून ही गणना चालू आहे आणि तिला माणसं नेहमी कमी पडतात.

सलीम अली आणि चितमपल्ली यांच्या जन्मदिनांना जोडून ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह राज्यभर साजरा होतो. फराळ आटोपला की मुलांना घेऊन उरणकडे या. आता लोकलही येते. भरतीची वेळ बघून निघा, बांध सोडून आत उतरू नका, फोटोसाठी थवा उडवू नका. आणि एखादी उघाडी बुजलेली दिसली, पाणथळ कोरडी दिसली, तर तारीख, जागा आणि छायाचित्र यांसह जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवा. पोच घ्यायला विसरू नका.