ज्यांची निवड होणार नाही, त्यांचं मैदान

सॅन फ्रान्सिस्कोच्या ओरॅकल पार्क या स्टेडियमसमोर विली मेज या बेसबॉलपटूचा पुतळा आहे. बॅट फिरवून झाली आहे, चेंडू लांब गेला आहे आणि गडी धावायला निघाला आहे. भोवती पामची २४ झाडं, कारण त्याच्या पाठीवर २४ हा आकडा असायचा. स्टेडियमच्या पत्त्यातही तोच आकडा, मैदानाच्या उजव्या भिंतीची उंचीही २४ फूट. आत ४० हजारांवर माणसं बसतात. उजव्या भिंतीपलीकडे थेट खाडीचं पाणी. फटका तेवढा जबरदस्त असला तर चेंडू पाण्यात पडतो आणि तो पकडायला लोक छोट्या होड्यांतून वाट बघत असतात. हे वैभव मी डोळे भरून पाहिलं.

त्याच पुतळ्यापाशी जावयांनी मेजची एक गोष्ट सांगितली. १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याचा संघ, म्हणजे आजचा सॅन फ्रान्सिस्को जायंट्स, न्यूयॉर्कमध्ये होता. मेज तेव्हा हार्लेम या कृष्णवर्णीयांच्या वस्तीत राहायचा. देशभर गाजलेला खेळाडू, पण दारात पोरं जमली की खाली उतरून त्यांच्याबरोबर रस्त्यावर खेळायचा. झाडूचा दांडा हीच बॅट, रबरी चेंडू, आणि फटका किती लांब गेला ते रस्त्यावरच्या गटाराच्या झाकणांवरून मोजायचं. डोंबिवलीच्या गल्लीत काच फुटली की आऊट, जोशींच्या गच्चीवर गेला की आऊट, अशा कायद्यांत वाढलेल्या माणसाला हा नियम समजायला वेळ लागत नाही.

जायंट्स १९५८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला आले. १९९२ मध्ये ते थेट फ्लोरिडाला निघाले होते. संघ विकला जाण्याच्या बेतात असताना शहरातल्याच मंडळींनी पैसे उभे केले आणि तो राखला. त्याच्या आदल्याच वर्षी, १९९१ मध्ये, संघाने समाजकार्यासाठी ‘जायंट्स कम्युनिटी फंड’ स्थापन केला होता. १९९४ मध्ये त्या फंडाने ‘ज्युनियर जायंट्स’ हा मुलांचा उपक्रम सुरू केला. बेसबॉलसाठी ते वर्ष वाईट होतं. ऑगस्टमध्ये खेळाडूंनी संप केला आणि १९०४ नंतर पहिल्यांदाच वर्ल्ड सिरीज झाली नाही. लोक चिडले होते, कोट्यधीश मालक आणि कोट्यधीश खेळाडू यांच्या भांडणाला कंटाळले होते. ज्या वर्षी मोठ्यांचा खेळ बंद पडला, त्याच वर्षी लहानांचा फुकट खेळ सुरू झाला, याची मला गंमत नव्हे, आस्था वाटते.

माझी लेक या ज्युनियर जायंट्समध्ये स्वयंसेवक कोच आहे. शाळेत असताना ती लगोरी आणि थ्रोबॉल खेळली. बेसबॉलची बॅट तिने अमेरिकेत येईपर्यंत हातात धरलेली नव्हती. “आई, त्यांना खेळाडू नकोयत, मुलांशी नीट बोलणारी माणसं हवीयत. बाकीचं ते शिकवतात,” ती म्हणाली. मग शनिवारी सकाळी मी तिच्याबरोबर गावातल्या सार्वजनिक पार्कात गेले.

लाल मातीचा चौकोन, त्याच्या कोपऱ्यांवर पांढऱ्या उशीसारखे तीन बेस, चौथ्या कोपऱ्यावर जमिनीत बसवलेली रबरी होम प्लेट. पाच-सहा वर्षांची मुलं, मुलगे आणि मुली एकाच संघात. सगळ्यांच्या अंगावर जायंट्सच्या नावाचा शर्ट, डोक्यावर टोपी. दोन्ही फुकट. खेळण्याचीही फी नाही. एका पेटीत हातमोज्यांचा ढीग होता, बरेचसे वापरलेले. संघाचे चाहते स्टेडियमवर आणून देतात. एक डावखुरा मुलगा ढीग उपसत होता. डावखुऱ्याला उजव्या हातात घालायचा मोजा लागतो आणि तसे मोजे कमी असतात. एका आजोबांनी पेटीच्या तळातून त्याच्यासाठी एक शोधून काढला, चामडं कडक झालेलं होतं म्हणून मुठीने मध्यभागी ठोकून ठोकून मऊ केला, मग त्याच्या हातात चढवला. पाच मिनिटं त्या एका मोज्यावर गेली. खेळ थांबलेला, पण कोणी “चला, चला” केलं नाही.

मग बॅटिंग. इतक्या लहान मुलांना कोणी चेंडू टाकत नाही. कमरेएवढ्या उंचीच्या रबरी दांड्यावर चेंडू ठेवतात आणि मुलाने तो मारायचा. लाल रिबीन बांधलेली एक मुलगी आली. पहिल्यांदा हवेत बॅट, दुसऱ्यांदा दांड्यालाच बॅट, चेंडू पायाशी. लेकीने तो उचलून परत ठेवला. पुन्हा हुकला. परत ठेवला. शेवटी चेंडू जेमतेम दहा पावलं घरंगळला, आणि ती मुलगी भलत्याच दिशेने, तिसऱ्या बेसकडे पळत सुटली. दोन्ही बाजूंच्या मुलांनी ओरडून तिला वळवलं. ती पहिल्या बेसवर जाऊन दोन्ही पायांनी उभी राहिली. आऊट कोणी नाही, धावफलक नाही, जिंकलं कोण हे विचारायचीच सोय नाही.

मी आयुष्य मराठी शाळेत काढलं. वर्गात पहिला कोण, स्पर्धेत निवड कोणाची, हे दर वर्षी वाचून दाखवत आले. त्या पार्कात माझ्या लक्षात आलं की या उपक्रमात निवड नावाची पायरीच नाही. उद्याचा मेज शोधण्याची यंत्रणा बेसबॉलकडे आहे, तिच्यावर अमाप पैसा खर्च होतो आणि ती भारतापर्यंतही पोहोचली आहे. २००८ मध्ये उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल या भालाफेक करणाऱ्या दोन मुलांना एका स्पर्धेतून हेरून पिट्सबर्ग पायरेट्सने करारबद्ध केलं होतं. ती गोष्ट वेगळी. हा फंड पैसा घालतो तो ज्यांची निवड कधीच होणार नाही, अशा हजारो मुलांवर.

या उपक्रमाने मूल्यांचे जे चार बेस मानले आहेत, तेही त्याच विचारातून आले आहेत: आत्मविश्वास, सचोटी, नेतृत्व, संघभावना. आठवड्याचा उत्तम खेळाडू निवडतात तो यांवर. फटका कितीही लांब जावो. दुसऱ्याला त्रास देणाऱ्याशी कसं वागायचं, त्रास होत असेल तर कोणाला सांगायचं, याचे धडे खेळता खेळता होतात. आणि वाचन! उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं पुस्तकांपासून तुटतात, म्हणून वाचनाचाही बेसबॉल केला आहे: वाचत जाल तसे पहिला, दुसरा, तिसरा बेस आणि मग होम, प्रत्येक टप्प्याला छोटं बक्षीस. एका आईच्या हातात वाचनाच्या नोंदीचा चुरगळलेला कागद होता. तिला स्वतःला इंग्रजी वाचता येत नव्हतं. मुलगा मोठ्याने वाचतो आणि ती ऐकून सही करते, असं तिने हातवारे करून सांगितलं. शिक्षिका म्हणून मला त्या कागदाचा मान वाटला.

हे सगळं संघ एकटा करत नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. गावाचं उद्यान खातं मैदान देतं, कुठे पोलिसांचं मुलांसाठीचं मंडळ किंवा मुलांचा क्लब लीग चालवतो, शेजारपाजारचे आईबाप कोच होतात. फंडाकडून शर्ट, सामान, अभ्यासक्रम आणि प्रशिक्षण येतं. पैसा देणगीदारांकडून, लिलावांतून आणि स्टेडियमवरच्या सोडतीतून उभा राहतो: सामन्याच्या दिवशी तिकिटं विकायची, जमलेल्या रकमेतली निम्मी विजेत्याला, निम्मी फंडाला. उद्याचे प्रेक्षक आजच घडवायचे हा संघाचा हिशेब यात असणारच, आणि मला त्यात वावगं दिसत नाही. हिशेबातून जर डावखुऱ्या पोराला मोजा मिळत असेल तर तो हिशेब चांगला.

बेसबॉलमध्ये ही वाट जुनी आहे. १९४८ मध्ये बोस्टनच्या एका इस्पितळात कॅन्सर झालेला बारा वर्षांचा मुलगा होता. रेडिओच्या कार्यक्रमात त्याच्याशी बोलणं चालू असताना बोस्टन ब्रेव्ह्जचे खेळाडू एकेक करून त्याच्या खोलीत शिरले. त्याला ‘जिमी’ हे टोपणनाव दिलं होतं. डॉ. सिडनी फार्बर यांच्या बालकॅन्सर संशोधनासाठीचा जिमी फंड तिथून उभा राहिला. ब्रेव्ह्ज १९५३ मध्ये शहर सोडून गेले, तेव्हा त्यांचे प्रतिस्पर्धी रेड सॉक्स यांनी तो फंड आपला मानला, तो आजतागायत. पोर्तो रिकोचा खेळाडू रॉबर्टो क्लेमेंटे तर १९७२ च्या ३१ डिसेंबरला निकाराग्वातल्या भूकंपग्रस्तांसाठी सामान घेऊन जाताना विमान कोसळून गेला. समाजकार्य करणाऱ्या खेळाडूला दर वर्षी मिळणारा सन्मान त्याच्या नावाचा आहे.

आपल्याकडे असं काहीच नाही असं म्हणणार नाही. मुंबई इंडियन्सचा वानखेडेवरचा एक सामना दर हंगामात मुलांचा असतो. रिलायन्स फाउंडेशनच्या २०१० पासूनच्या ‘एज्युकेशन अँड स्पोर्ट्स फॉर ऑल’ या उपक्रमातून स्वयंसेवी संस्थांची मुलं बसगाड्या भरभरून येतात. एप्रिल २०२३ च्या सामन्याला १९ हजार मुली होत्या. निळ्या शर्टांनी भरलेलं ते स्टेडियम टीव्हीवर पाहताना माझ्या घशात आवंढा आला होता. पण त्या मुली प्रेक्षक होत्या. दुसऱ्या दिवशी सकाळी खेळायला जायचं कुठे, हा प्रश्न ठाण्यात, कल्याणात, डोंबिवलीत तसाच राहतो.

क्रिकेटपटू अजिंक्य रहाणे डोंबिवलीचा. लहान भाऊ कडेवर, किटबॅग हातात, अशी आई त्याला सरावाला चालत घेऊन जायची, हे त्याने स्वतः सांगितलं आहे. अशी आई लाभलेला आणि तशी गुणवत्ता असलेला मुलगा मैदानापर्यंत पोचतो. चेंडू तीनदा हुकणारी मुलगी कुठे पोचते? शिबिरांना फी आहे, टर्फवर तासाचे पैसे आहेत, आणि जी मोठी मैदानं उरली आहेत त्यांवर कधी महोत्सव, कधी सभा, कधी मांडव. माणसांची मात्र आपल्याकडे वाण नाही. पाडव्याची स्वागतयात्रा १९९९ मध्ये डोंबिवलीने सुरू केली आणि पहाटे पाचला नऊवारी नेसून हजारो बायका रस्त्यावर उतरतात. त्यांना कोणी मानधन देत नाही. त्यातल्या शंभर जणींनी उन्हाळ्यात आठ शनिवार दिले तरी पुष्कळ होईल.

पार्कातून आल्यावर मी लगेच डोंबिवलीतल्या, माझ्याबरोबर शिकवलेल्या मैत्रिणीला फोन लावला. तिकडे रात्र होती, पण ती जागीच होती. सगळं ऐकून घेतल्यावर तिने आधी विचारलं, “फी किती ठेवायची?”

“काही नाही.”

“बरं. चेंडू प्लॅस्टिकचे घेऊ, लहान मुलांना लागत नाहीत. पण मैदान कुठलं?”

मी भागशाळा मैदान म्हटलं. ती म्हणाली, “अगं, तिथे आठ वाजता मोठी मुलं तीन-तीन पिचा लावतात, आपल्या चिमुरड्यांना कोण उभं राहू देणार! साडेसहाला सुरू करायला हवं. आणि मोठ्यांच्या कॅप्टनशी आधीच बोलायचं. तो बहुतेक आपलाच विद्यार्थी निघेल.”

मग त्या कॅप्टनला कोच करून घ्यायचं की नाही यावर आम्ही बराच वेळ वाद घातला.