‘मजूर’ एवढंच लिहिलं होतं

मंगळवारची रात्र माझ्यासाठी जागरणाची असते. बुधवारी सकाळी आमच्या रुग्णालयात कॅन्सरच्या रुग्णांसाठी सगळ्या डॉक्टरांची एकत्र बैठक भरते. तिला ट्यूमर बोर्ड म्हणतात. सर्जन, रेडिएशनचे डॉक्टर, केमोथेरपीचे डॉक्टर, तुकडा तपासणारे पॅथॉलॉजिस्ट, स्कॅन वाचणारे रेडिओलॉजिस्ट असे सगळे एका खोलीत बसतात आणि एकेका रुग्णाचं पुढे काय करायचं ते ठरवतात. त्यांच्यापुढे केस मांडायचं काम आम्हा शिकाऊ डॉक्टरांचं. मी सर्जरीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

काम ऐकायला सोपं वाटतं. कागद गोळा करायचे, एका पानात लिहायचे, चार-पाच मिनिटांत सांगायचे. पण बायोप्सी गावाकडच्या लॅबमध्ये झालेली असते. नुसता रिपोर्ट चालत नाही. आमच्या पॅथॉलॉजिस्टना काचेच्या स्लाइड आणि मेणाचा ब्लॉक स्वतः पाहायचा असतो. तो ब्लॉक आणायला रुग्णाच्या मुलाला एक दिवसाची मजुरी बुडवून परत गावी जावं लागतं. स्कॅनची सीडी पिशवीत डब्याखाली दबून चरे पडलेली निघते. गाठ किती मोठी, मानेत उतरली का, साखर किती, किडनी कशी, माणूस स्वतःचं स्वतः करतो का, हे सगळं जुळवेपर्यंत रात्रीचे बारा वाजतात.

गेल्या वर्षी माझ्या यादीत एक चाचा होते. इचलकरंजीकडचे, वय अठ्ठावन्न. तंबाखू-चुन्याची जुनी सवय, गालाच्या आत कॅन्सर. ऑपरेशन झालं होतं. जबड्याचा भाग काढून छातीवरचं मांस फिरवून गालाला लावलं होतं. पॅथॉलॉजीच्या रिपोर्टात मानेतल्या दोन गाठींत कॅन्सर निघाला, आणि एका गाठीचं आवरण फोडून तो बाहेर आला होता. अशा वेळी नुसतं रेडिएशन पुरेसं मानत नाहीत; बरोबर सिस्प्लॅटिन नावाचं केमोचं औषध देतात. मी ते सगळं पाठ केलं होतं. सांगताना एकदाही अडखळले नाही, आणि खोटं कशाला बोलू, मनातून थोडी खूशही होते.

केमोच्या मॅडमनी विचारलं, “काम काय करतात?”

“मजूर, मॅडम.”

“कसला मजूर?”

मी कागद उलटला. पुढे काही नव्हतं.

“इचलकरंजीचे ना? मागावर होते का? कान तपासलेत?”

मी गप्प. कोणी रागावलं नाही. मॅडम एवढंच म्हणाल्या, “सिस्प्लॅटिन किडनीला त्रास देतं तसं कानांनाही देतं. गेलेलं ऐकणं सहसा परत येत नाही. जा, विचारून ये.” ऑपरेशनला चार आठवडे होऊन गेले होते, आणि रेडिएशन सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावं असा प्रयत्न असतो. म्हणून रेडिएशनची तयारी थांबवायची नाही, औषधाचं मात्र कान तपासून ठरवायचं, असं ठरलं.

चाचा-चाची ओपीडीबाहेर बाकावर बसले होते. मी मागून गेले आणि हाक मारली, “चाचा!” त्यांनी वळून पाहिलं नाही. पुन्हा मारली. चाचींनी त्यांच्या खांद्याला हात लावला तेव्हा ते वळले.

मी तोंडावरचा मास्क खाली केला आणि सावकाश विचारलं, “तुम्ही मागावर होतात का?” ते लगेच म्हणाले, शब्द ऑपरेशनमुळे बोबडे, पण समजले, “तीस बरस.” यंत्रमागांच्या खडखडाटात कोणाचं कोणाला ऐकू येत नाही. तिथे माणसं ओठ पाहून बोलतात. चाचा तीस वर्षं ओठ वाचत आले होते, आणि आम्ही रोज मास्क लावून त्यांच्याशी बोलत होतो. मी आठवडाभर विचारत होते, “कसं वाटतंय? त्रास नाही ना? समजलं ना?” आणि ते प्रत्येक वेळी मान हलवत होते. मी लिहीत होते, ‘तक्रार नाही’.

“मशिदीची अजान ऐकू येते का?” मी विचारलं.

“वाऱ्यावर आहे,” ते म्हणाले. “मी घड्याळ बघून जातो.”

चाची म्हणाल्या, “बेटी, त्यांना कमी ऐकू येतं हे आम्ही लपवलं नाही. कोणी विचारलंच नाही.”

कानांच्या तपासणीत दोन्ही बाजूंचं वरच्या पट्टीतलं ऐकणं जवळजवळ गेलेलं निघालं. उरलं होतं ते थोडंच. चाचांना लिहिता-वाचता येत नाही. बोलणं ऑपरेशनने अर्धं नेलं होतं. उरलेलं ऐकणंही औषधाने नेलं असतं तर घरात बसून ते कोणाशी काय बोलले असते? पुढच्या बोर्डात सिस्प्लॅटिन बाजूला ठेवून रेडिएशनबरोबर दर आठवड्याला डोसिटॅक्सेल द्यायचं ठरलं. सिस्प्लॅटिन चालत नाही अशा रुग्णांसाठी या औषधाचा अभ्यास मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्येच झाला आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. तेही सोपं औषध नाही. चाचांच्या तोंडात फोड आले, नाकातल्या नळीने दूध-पेज द्यावी लागली, वजन उतरलं. पण तीसच्या तीस दिवसांचं रेडिएशन त्यांनी पूर्ण केलं. आता तपासणीला येतात. पुढचं अल्लाहच्या हाती.

आमचं गाव कोकणातलं, खेड तालुक्यातलं. लहानपणी गावातून कोणी मुंबईला निघालं की शेजारीपाजारी आपापल्या माणसांसाठी बोचकी आणून देत. कोणाचे कोकम, कोणाची सुकी मासळी, कोणाची चिठ्ठी. अम्मी ती मोजून घ्यायची आणि अब्बांना बजावायची, “अमानत आहे. जशी दिली तशी पोचली पाहिजे.” त्या रात्री तिला फोनवर हे सांगितलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प राहिली, मग म्हणाली, “मग तुझं बोचकं अर्धंच पोचलं होतं की.”

खरंच आहे. त्या खोलीत चाचा नव्हते. तिथे त्यांच्या वतीने बोलणारी मी एकटीच होते, आणि मी ‘मजूर’ म्हणून मोकळी झाले होते.

वाचकांनाही एक विनंती आहे. घरात कोणाला हा आजार निघाला तर सगळे कागद तारखेप्रमाणे एका फायलीत लावा. स्लाइड आणि ब्लॉक लॅबमधून मागून घ्या. चालू असलेल्या गोळ्यांची यादी ठेवा. तंबाखू, मिश्री, जे असेल ते लाज न बाळगता सांगा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी सांगा, की माणूस काय काम करत होता, ऐकू-दिसायला कसं आहे, घरी कोण आहे, रोज येणं जमेल का. केस बोर्डात कधी आहे आणि काय ठरलं, हेही बेधडक विचारा.

चाचांच्या फायलीच्या पहिल्या पानावर आता माझ्या अक्षरात लिहिलेलं आहे : ‘यंत्रमाग, तीस वर्षे. ओठ पाहून समजतात. बोलताना समोर उभे राहावे, मास्क खाली घ्यावा.’