तराजू आणि वीणा



वसंतराव नाईकांचे गहुली आमच्या पुसद तालुक्यातलेच. त्यामुळे इथे राजकारण पारावर, चहाच्या टपरीवर आणि सप्ताहाच्या मंडपामागेही चालते. कीर्तनकाराने त्यापासून दूर राहावे असे माझे गुरुजी सांगत. मी नेहमीच राहिलो नाही.

गोष्ट 1980 सालची. मी तेव्हा तिशीच्या आत होतो, आवाज चांगला होता आणि त्याचा अभिमानही. फेब्रुवारीत दिल्लीने एकाच दिवशी नऊ राज्यांची सरकारे घालवली. त्यात महाराष्ट्रातले शरद पवारांचे पुलोद सरकारही होते. लोकसभेत लोकांनी कौल बदलला, आता या विधानसभांना जनतेचा आधार उरला नाही, असे कारण दिले गेले. मला संताप आला. जवळच्याच एका गावी सप्ताहात माझी सेवा होती. निरूपणात विषय समतेचा, आणि मी मध्येच दृष्टान्त जोडला, की धर्म सर्वांना एकच असतो, सत्ता बदलली म्हणून माप बदलत नाही. लोकांनी माना डोलावल्या. टाळकऱ्यांनीही जोर धरला.

कीर्तन संपल्यावर एक वृद्ध माळकरी जवळ आले. पाया पडले, मग हळूच म्हणाले, ‘‘महाराज, तीन सालाखाली जनतावाल्यांनी बी नऊ राज्यांचं हेच केलं. कारण बी हेच सांगितलं. तवा तुमी काऊन नाई बोलले?’’

मला उत्तर सुचेना. बोललो नव्हतो, कारण 1977 साली मी आनंदात होतो. आणीबाणी संपली होती, ज्यांचा राग होता त्यांची राज्ये गेली होती. चौधरी चरणसिंगांचे म्हणणे मला तेव्हा अगदी पटले होते. आणि तेव्हा घटनेच्या नावाने ओरडणारी मंडळी 1980 मध्ये पेढे वाटत होती. टपरीवर माणसे तीच होती, वाक्येही तीच. फक्त बाके बदलली होती. पुढे 1994 साली बोम्मई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बहुमत सभागृहातच तपासावे असे सांगितले. 2022-23 मध्ये पक्ष फुटले तेव्हाही मी पाहिले, की एकाच्या तोंडी जो गद्दार, तोच दुसऱ्याच्या तोंडी निष्ठावंत. आणि वर्षभरात दोघांचे शब्द अदलाबदल झालेले. असो.

ते बाबा तेवढ्यावर थांबले नाहीत. म्हणाले, ‘‘मी लहानपणी बापासंगं पंढरीला गेलो. कळस पाहून परतलो. आत जायाची सोय नव्हती. पंढरी सर्वांची हे तवाही कीर्तनात सांगत होते, महाराज.’’

साने गुरुजींनी उपोषण केले ते 1947 च्या मे महिन्यात, तेव्हा कुठे दार उघडले. बाबा बोलत होते ते त्याआधीचे. चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर का, हे मी शेकडो वेळा रंगवून सांगितले होते. समोर बसलेल्या माणसाला मात्र कधी विचारले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मंडपाच्या खांबाला लावलेली वीण्याच्या पहाऱ्याची यादी वाचली. बाबांचे नाव नव्हते. इतकी वर्षे त्या गावी येत होतो, यादी कधी वाचलीच नव्हती. मंडळींना विचारले तर म्हणाले, ‘‘त्यांचं वय झालं, उभं राहवत नाही.’’ रात्रभर ते हरिजागराला उभे असत हे सगळ्यांनी पाहिले होते. मी पुढे काही बोललो नाही. काल्याचे कीर्तन केले, प्रसाद घेतला आणि पुसदला परतलो. दिल्लीला खडसावणारा मी चार कारभाऱ्यांपुढे गप्प बसलो.

पुढच्या वर्षी निमंत्रण आले तेव्हा आधी यादी मागवली. बाबांचे नाव घातल्याशिवाय येणार नाही असे कळवले. थोडी कुरकुर झाली, एकाने अबोला धरला, पण नाव लागले. पहारा रात्री दोन ते चारचा दिला, कुणी पाहू नये असा. चारला वीणा घ्यायला मी उठलो. रीतीप्रमाणे दोघांनी एकमेकांच्या पायावर डोके ठेवले. त्यांचे पाय थंडीने गारठले होते. वीणा माझ्या गळ्यात घालताना ते एवढेच म्हणाले, ‘‘तार जरा उतरलीय, महाराज. लावून घ्या.’’