बोलेरोचं ॲव्हरेज आणि माझी चूक

आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितो.

आमची बोलेरो लिटरला 14-15 किलोमीटर द्यायची. दिवाळीनंतर 11 वर आली. पंपावरच्या पोराला 'मापात मारतोस' म्हणून चारचौघांत बोललो. त्यानं पाच लिटरचं माप आणून समोर भरून दाखवलं. चोख निघालं. मान खाली घालून घरी आलो.

मग एकेक तपासलं. दिवाळीत हौसेनं रुंद टायर, पुढं लोखंडी गार्ड आणि टपावर कॅरिअर बसवलं होतं. कॅरिअर रिकामं असलं तरी हवा अडवतं. रुंद टायर जड, त्यात हवा कमी. गार्डचं वजन वेगळंच. त्यावर कारवाई करा असं केंद्रानं डिसेंबर 2017 मध्येच राज्यांना कळवलंय.

वर माझा पाय! हायवेला शंभरच्या खाली नाही. 80 वरून 100 केलं की हवेचा रोध दीडपट होतो. मार्केट यार्डात नंबर लागेपर्यंत एसीसाठी इंजिन चालूच.

गार्ड, कॅरिअर काढलं. हवा बरोबर ठेवली. 80 च्या आत चालवतो. टाकी फुल्ल ते फुल्ल मोजलं, 14 भरलं. महिन्याला हजार किलोमीटर धरले तर 20 लिटर डिझेल वाचतं. म्हणजे डीएपीच्या एका गोणीच्या वर पैसे.

काल पंपावर त्या पोराची माफी मागितली. हसला. म्हणाला, "काका, आधी सगळे आम्हालाच धरतात."