'रामदास' बोट आणि उजनीचं पाणी

आम्हां वडगाव निंबाळकरच्या बायकांचा समुद्राशी संबंध तो केवढा? नीरेच्या डाव्या कालव्याला पाणी सुटलं की ते बघायचं, एवढाच! मग बुडालेल्या बोटींवर मी काय म्हणून लिहावं, असं तुम्ही म्हणाल. पण मैत्रिणींनो, माझी थोरली लेक करमाळा तालुक्यात दिली आहे आणि तिच्या माहेरच्या वाटेत उजनीचं पाणी आडवं येतं. म्हणून हा विषय जिव्हाळ्याचा.

आमच्या शेजारच्या काकूंचं माहेर अलिबागकडचं. मुंबई ते रेवस हा पाण्याचा टप्पा दिसायला जवळचा, पण मोठा दगाबाज, असं त्या सांगतात. खडक पाण्याखाली दडलेले, आणि पावसाळ्यात वारा कधी फिरेल याचा नेम नाही. खांदेरीवर 1867 पासून दीपगृह आहे, ते काय उगीच? 1927 च्या नोव्हेंबरात 'जयंती' आणि 'तुकाराम' या दोन आगबोटी एकाच दिवशी बुडाल्या. तरी बोटी चालूच राहिल्या. माणसांना घरी तर जायला हवं ना!

मग आला 17 जुलै 1947. स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता. आषाढी अमावास्येसाठी गावी निघालेली माणसं भाऊच्या धक्क्यावर सकाळीच 'रामदास' बोटीत चढली. घरोघरी बायका दिवे घासूनपुसून ठेवत असतील, दिव्यांच्या पूजेची तयारी चालली असेल. बोट काशाच्या खडकाजवळ आली आणि वादळी लाटांनी कलली. घाबरलेली माणसं एकदम दुसऱ्या बाजूला धावली, आणि तेवढ्यानं बोट उलटली. पाऊस लागू नये म्हणून बांधलेल्या ताडपत्र्यांत कितीतरी जण अडकले. सहाशेहून अधिक माणसं गेली.

बोटीवर बिनतारी यंत्रच नव्हतं. त्यामुळे मुंबईला कित्येक तास पत्ता लागला नाही. पोहत-तरंगत किनाऱ्याला लागलेल्या एका लहान मुलानं सांगितलं, तेव्हा कुठं शहराला कळलं. त्याआधीच मासळी घेऊन निघालेल्या रेवसच्या कोळ्यांनी आपल्या होड्या वळवून अनेकांचे जीव वाचवले होते. पुढे पावसाळ्यात बोटी बंद ठेवण्याचे, बोटीवर संदेशयंत्र ठेवण्याचे नियम झाले. पण ते सहाशे जीव गेल्यावर!

काकूंच्या माहेरी दिव्याच्या अवसेला अजून एक दिवा जादा लावतात. कुणासाठी, ते मुलांनी विचारलं की मगच सांगतात.

"ते समुद्राचं झालं, आपल्याकडं काय?" असं म्हणू नका. भीमेवरचं उजनी धरण 1980 साली पुरं झालं. जुने रस्ते, जुनी गावं पाण्याखाली गेली आणि अलीकडची-पलीकडची माणसं होडीवर आली. 21 मे 2024 ला कुगावहून आपल्या इंदापूर तालुक्यातल्या कळाशीला येणारी बोट वादळी वाऱ्यानं उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यात लहान मुलंही होती. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईहून घारापुरीला निघालेल्या बोटीवर नौदलाची वेगवान बोट आदळली. तेव्हाही कितीतरी प्रवाशांच्या अंगात जाकीट नव्हतं.

वाऱ्याला आपण आवरू शकत नाही. पण बोटीत किती माणसं चढली, हे तर दिसतं की नाही? लेकीला मी ठणकावून सांगितलंय: आभाळ भरलं असेल, तर मुक्काम कर. जाकीट मिळालं नाही, तर चढू नकोस. बाळाच्या मापाचंही माग. बोट कलली, तर जागा सोडून सगळ्यांबरोबर धावू नकोस. आणि वेळ गेला तरी चालेल, रस्त्यानं वळसा घालून ये.

जावईबापू हसले, "आई फार काळजी करतात" म्हणाले. म्हणोत बापडे! बायकांनो, भाडं देण्याआधी नावाड्याला "जाकीट कुठंय?" असं विचारायला लाजू नका. चारचौघींनी विचारलं, की त्याला ठेवावंच लागेल.