भिंत आपोआप रंगली का?

आधी माझी चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका सरकारी कार्यालयाच्या रंगवलेल्या भिंतीचा फोटो मी बातमीला लावला. खाली लिहिलं, ‘आकर्षक वारली चित्र’. उद्घाटनाला आलेल्या सगळ्या पाहुण्यांची नावं होती, हुद्द्यासकट. चित्र काढणाऱ्या पोराचं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो वाणगावच्या बाजारात भेटला. एवढंच म्हणाला, “दादा, भिंत आपोआप रंगली का?”

उत्तर नव्हतं माझ्याकडे.

आपल्याच डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा म्हसे. लग्नघरात सवाशिणी तांदळाच्या पिठाने चौक लिहायच्या. ते बायकांचं काम या माणसाने रोजचं केलं, कागदावर आणलं आणि जगभर नेलं. २०११ मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. आज तीच माणसं लग्नपत्रिकेवर, कपबशीवर, साडीच्या पदरावर नाचतात. म्हसे कोण, हे किती जणांना ठाऊक आहे?

आणि ज्या लग्नासाठी हा चौक लिहायचा, त्याच लग्नासाठी सावकाराकडून कर्ज घ्यावं लागायचं. ते फेडायला नवरा-बायको वर्षानुवर्षं त्याच्या दारात राबायची. त्यांना ‘लग्नगडी’ म्हणत. भिंतीवर चौक, आणि सावकाराच्या वहीत अंगठा!

ही गुलामी मोडली १९४५ साली. शामराव आणि गोदावरी परुळेकर सोबत होते, पण उभे राहिले ते वारलीच. तलासरीजवळच्या झरी गावात परिषद झाली, वेठबिगार करायची नाही असं ठरलं. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाड्याला जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड त्यात शहीद झाले.

अमेरिकेत दर फेब्रुवारीत काळ्या लोकांचा इतिहास आठवतात. तिथे गाणारे आणि हक्कांसाठी लढणारे यांची नावं एका दमात घेतली जातात. आपण काय करतो? ९ ऑगस्टला तारपा नाचवतो, फोटो काढतो, आणि जेठ्या गांगडांचं नाव आपल्या पोरांना माहीत नसतं. चित्र हवं, पण ते काढणाऱ्याचं नाव नको, त्याच्या आजोबांची लढाई तर नकोच.

मी ठरवलंय, यापुढे माझ्या बातमीत चित्र आलं की खाली चित्रकाराचं नाव येणार. जागा कमी पडली तर पाहुण्यांची दोन नावं कापेन.

तुमच्या शाळेच्या, पंचायतीच्या भिंतीवरचं चित्र कुणी काढलंय? विचारा, आणि नाव खाली लिहा. मी बातमी करतो.